न धुतलेला स्वेटर

तिला गल्लीत सगळे फिनेलवहिनी म्हणायचे, तेही तोंडावर, आणि तिला त्याचं काही वाटायचं नाही. खोटं थोडंच होतं! तिची आई दवाखान्यात फरशा पुसायची आणि ही पोर बादलीशेजारी बसूनच मोठी झाली. चार कपडे नि पाच घासायचे ब्रश घेऊन ती सासरी आली, असं तिची नणंद हसून सांगायची. ब्रश पाच नव्हते, तीन होते. पण नणंदेच्या तोंडाला कोण लागणार!

आणि आली कुठे, तर डुकरं पाळणाऱ्यांच्या घरात. पुढे दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर, त्याच्यामागे अंगण आणि अंगणाला लागून शेड. शेडमध्ये तीन कप्पे, आणि भिंतीला टेकवलेली चार निळी पिंपं. पिंपांत डुकरांचं आंबोण. कोंडा, मक्याचा भरडा, केळीच्या खुंटाचे तुकडे, रताळ्याचे वेल, असं जे आसपास फुकट किंवा स्वस्तात मिळेल ते भिजवून, आंबवून खायला घालायचं. त्या आंबट वासाने पहिल्या दिवशी हिच्या डोळ्यांत पाणी आलं. लोकांना वाटलं, माहेर आठवलं.

पिंपांवर राज्य सासूबाईंचं. ही त्यांना आत्याबाई म्हणायची. एवढीशी बाई, पाठीत वाकलेली, पण आवाज असा की शेडमधलं बोललेलं रस्त्यावर ऐकू जावं. अंगात बाराही महिने तपकिरी लोकरीचा स्वेटर. आधी लाकडी दांडक्याने आंबोण ढवळायच्या, मग उजवा हात कोपरापर्यंत आत घालायच्या, बाहीसकट. तळाशी ऊब आहे का ते हाताला कळतं म्हणायच्या. बाही वर करायला काय होतं, हे सुनेने एकदा विचारलं होतं. "तुला काय करायचंय?" असं उत्तर मिळालं. ढवळून झालं की दांडकं पिंपाच्या काठावर तीनदा आपटायचं. ठक, ठक, ठक. दुपारचे चार वाजलेले असायचे आणि सगळी डुकरं उठून उभी. मग स्वेटर तिथल्याच खिळ्याला वाळत टाकायचा. तो कधी धुतला गेला नाही. दांडकंही नाही. पिंपंसुद्धा कधी पूर्ण रिकामी व्हायची नाहीत. तळाशी ओंजळभर जुनं ठेवून त्यावरच नवं भरायचं, आपण दह्याला विरजण ठेवतो तसंच.

सुरुवातीला एकदा सुनेने मदत म्हणून पिंपात हात घातला, तर म्हातारी अशी ओरडली की बस.

"ए, हात घालू नकोस! तुझ्या हाताला फिनेल आहे. मरेल ते."

"काय मरेल, आत्याबाई?"

"आतलं."

तेव्हापासून हिने हात घातला नाही. पण तो शब्द कानातून गेला नाही. म्हातारी रोजच बोलायची तसं. आज आतलं लवकर उठलंय. आज आतलं रुसलंय, थंडी वाजतेय त्याला, पोतं टाका वर. बावीस वर्षं सुनेने त्या शेडमध्ये एकटीने पाय ठेवला तो फक्त फरशी धुण्यापुरता, आणि पिंपांकडे पाठ करून कधीच उभी राहिली नाही. गल्लीत कुणाला हे सांगितलं असतं तर हसून हसून मेले असते.

मग म्हातारी अंथरुणाला खिळली. अकरा दिवस पुढच्या खोलीत पडून होती. शेवटचे चार दिवस तर माणसंही नीट ओळखेना. मुलाला भाऊ म्हणायची. पण सून पाणी पाजायला आली की मनगट धरायची आणि एकच सांगायची, "स्वेटर धुऊ नकोस."

"नाही धुणार हो."

"शब्द दे."

"दिला! दिला शब्द!" मग स्वयंपाकघरात येऊन भांडी आदळायची. मरताना नातवंडांची चौकशी नाही, लेकीची नाही. डोळा कशावर, तर माझ्या साबणावर!

म्हातारी गेली. पाहुणे चार दिवस जेवले, रडले, गेले. पाचव्या दिवशी फिनेलवहिनीने कंबर कसली. चारही पिंपं उलटी केली, उकळत्या पाण्याने धुतली, वरून फिनेल मारलं. दांडकं मोठ्या पातेल्यात घालून इतकं उकळलं की ते पांढरंफटक पडलं. भिंती, कप्पे, नाली, काही सोडलं नाही. स्वेटरही बादलीत टाकायला उचलला होता. साबणाचा फेस तयार होता. पण मेलेल्या माणसाला दिलेला शब्द, तो मोडून डोक्याला ताप कोण करून घेणार? मग दोन बोटांत धरून शेडमधल्या खिळ्यालाच परत अडकवला. संध्याकाळी दारात बसून तिने लांब श्वास घेतला. बावीस वर्षांनी घराला घराचा वास आला, असं ती नवऱ्याला म्हणाली. नवरा लेथवर काम करणारा, मुळात बोलायला कंजूष. "हं," म्हणाला.

पुढचं आंबोण हिने भरलं. सगळं तेच, माप तेच. चौथ्या दिवशी त्यावर काळी साय आली आणि मेलेल्या उंदरासारखा वास सुटला. फेकलं, पुन्हा भरलं, पुन्हा तेच. त्यात धाकट्या डुकरिणीच्या आठ पिल्लांचं दूध तोडायची वेळ आलेली. आईचं दूध सुटलं की डुकराच्या पिल्लाचं पोट आठवडाभर काचेचं असतं; त्या दिवसांत आंबोणच त्यांना सांभाळतं. हिने दह्याचं विरजण लावून पाहिलं. आंबलं, पण पिल्लं हुंगून मागे सरली. बाजारचं कोरडं खाद्य आणलं. ते खाल्लं आणि हगवण लागली. नऊ दिवसांत आठही गेली. मग धाकटीनेही खाणं सोडलं आणि तीही गेली.

जनावरांचा डॉक्टर भला माणूस. औषधं दिली, पैसेही निम्मेच घेतले. जाताना म्हणाला, "म्हातारीचं विरजण घालवलंत हो, वहिनी. या गावात दुसरं कुणाकडे नाही. मोठ्या डुकरिणीची पिल्लं तेवढी जपा. मोठीचं वय झालंय, हे तिचं शेवटचंच वेत."

आता राहिली ती मोठीची ही नऊ पिल्लं. म्हातारीने तीस वर्षं वाढवलेल्या वंशातली शेवटची. ही गेली की शेड रिकामं, आणि एका बाईचं उभं आयुष्य सुनेने दोन महिन्यांत धुऊन टाकलं असा त्याचा अर्थ. नवरा एका शब्दाने काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं! एकदाच जेवताना त्याने ताटाकडे बघत विचारलं, "आईच्या हातचं काय होतं गं वेगळं?" रात्री तिने स्वतःचे हात हुंगले. फिनेलच.

मोठीच्या पिल्लांचं दूध तोडलं त्या दिवशी तिने स्वतःला बजावलं होतं की दोन दिवस कान किटतील. आईपासून तोडलेली पिल्लं घर डोक्यावर घेतात. पण दुपार झाली तरी शेडमधून हूं की चूं नाही. चारच्या सुमाराला ती बघायला गेली.

नऊच्या नऊ पिल्लं एका ओळीत उभी होती. खाण्याच्या कुंडाकडे पाठ, भिंतीकडे तोंड, नाकं वर. ऊन तिरपं आत आलेलं, माशीसुद्धा आवाज करत नव्हती. ती कुणाकडे बघतायत म्हणून हिने वर पाहिलं, तर खिळ्यावर स्वेटर. डावी बाही सरळ लोंबत होती. उजवी मात्र आंबोण वाळून वाळून कडक झालेली, कोपरात वाकलेली. आत हात असावा तशी.

"हट्! हट् मेल्यांनो!" ती ओरडली. एकही हललं नाही.

तिने स्वेटर काढून वरच्या खिळ्याला टांगला, हात उंच करूनही जेमतेम पोचेल इतक्या वर. मग पाठ न फिरवता, मागे मागे चालत बाहेर आली.

दुसऱ्या दिवशी स्वेटर खालच्या खिळ्याला होता.

"अहो, तुम्ही काढलात का खाली?" तिने नवऱ्याला विचारलं.

"काय?"

"तुमच्या आईचा स्वेटर."

"मी शेडकडे फिरकलोच नाही. आई गेल्यापासून जाववतच नाही मला तिथे." आणि तो खोटं बोलणारा माणूस नव्हता, हीच तर पंचाईत होती.

त्याच दुपारी ती स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी उभी होती. दांडकं समोर, खिडकीला टेकवलेलं, तिच्या डोळ्यांसमोर. घड्याळात चार वाजले आणि शेडमधून आवाज आला. ठक, ठक, ठक. मोठी डुकरीण, जी आता उठायलाही कुरकुर करायची, ती धडपडून उभी राहिल्याचं हिला ऐकू आलं. तिच्या हातातून पेला सुटला. पेल्याचं पाणी पायावर पडलं तरी ती जागची हलली नाही. वारा असेल, पत्रा असेल, असं ती मोठ्याने म्हणाली. वारा नव्हता हो. दोरीवरचे कपडे हलत नव्हते.

संध्याकाळी चार पिल्लांना हगवण लागली. सकाळी त्यातलं एक गेलं.

ती त्या पिल्लाला फडक्यात गुंडाळून अंगणात बसली आणि रडली. पिल्लासाठी रडली, स्वतःच्या लाजेसाठी रडली, आणि खरं सांगायचं तर त्या म्हातारीवरच्या रागाने रडली. "घेऊन जा सगळी!" ती शेडकडे बघून ओरडली. "माझ्या हातून नाही होत! हेच ऐकायचं होतं ना? ऐका मग, आत्याबाई! नाही होत माझ्या हातून!"

आतून कुणीतरी चुटूचुटू चोखल्यासारखा आवाज येत होता.

ती डोळे पुसत आत गेली. ती ज्याला बटण म्हणायची ते पिल्लू होतं ते. नऊ जणांतलं सगळ्यात लहान, मांजराएवढं, ज्याच्यावर तिने पहिल्याच दिवशी पाणी सोडलं होतं. मागच्या दोन पायांवर उभं राहून, भिंतीला पुढचे पाय टेकवून, ते स्वेटरची उजवी बाही चोखत होतं. शेपटीखाली कोरडं ठाक. पोट टणक. त्याच्या दोन्ही बाजूंना आणखी चार पिल्लं आपली पाळी यायची वाट बघत उभी, तीही कोरडी. हगवण लागलेली तीन मात्र कोपऱ्यात, कुंडाशी पडलेली. ती या गर्दीत घुसूच शकली नव्हती.

मग बटणाला बाजूला करून तिने ती बाही हातात घेतली, आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा नाकाशी नेली. आंबट वास. पण स्वच्छ. ताज्या, घट्ट लागलेल्या दह्याचा येतो तसा.

स्वेटर धुऊ नकोस.

ती तिथेच, धुतलेल्या फरशीवर बसली. म्हातारी तिला पुरती ओळखून होती. आपण डोळे मिटले की ही बया पिंपं उकळणार, दांडकं उकळणार, भिंती घासणार, सगळं ठाऊक होतं तिला. सुनेच्या हातांवर तिचा कधीच भरवसा नव्हता. भरवसा होता तो सुनेच्या शब्दावर. म्हणून सगळं सोडून तेवढंच मागून घेतलं. आणि ही काय म्हणाली होती? डोळा माझ्या साबणावर! "अगं बाई," ती स्वेटरला म्हणाली, "नीट सांगायचं होतंत ना मग." पण नीट सांगितलं असतं तर हिने ऐकलं असतं का, हे तिचं तिलाच ठाऊक.

मग ती उठली. पिंपांच्या अंगात फिनेल मुरलेलं, त्यांचा उपयोग नव्हता. फिनेल न लागलेलं मोठं भांडं घरात एकच, तिच्या स्वयंपाकघरातला तांदळाचा स्टीलचा डबा, ज्यात तोंड बघून भांग पाडता येईल असा. तिने तांदूळ पोत्यात ओतले. कोंडा नि भरडा शिजवून कोमट होऊ दिला, खुंट बारीक चिरला, वेल चिरले. साबणाला शिवली नाही. कोरड्या कोंड्याने कोपरापर्यंत हात चोळले, इतके चोळले की लाल झाले. हुंगले. पुन्हा चोळले. आणि मग स्वेटर अंगात घातला.

ती आत्याबाईंपेक्षा चांगली वीतभर उंच, अंगाने दुप्पट. स्वेटर बसायला नको होता. बसला. बाही कोपरात वाकलेली होती तिथेच तिचं कोपर आलं. अंगावर काटा आला तिच्या, पण काढला नाही. हात डब्यात घातला, बाहीसकट, तळापर्यंत. बाही मऊ होईपर्यंत त्या कोमट लगद्यात हलवत राहिली. नंतर बाहीचं टोक वाटीभर पाण्यात भिजवून ते पाणी तिन्ही आजारी पिल्लांच्या तोंडात चमच्याने घातलं. एक तरीही गेलं. दोन तगली.

डबा चुलीच्या उबेला ठेवला. वर सैल झाकण, त्यावर पोतं. दोन दिवस ती त्या डब्याभोवती फिरत होती. ओटा पुसला नाही, फरशी पुसली नाही. शेजारीण साखर मागायला आली ती दारातच थबकली. "वहिनी, बरं नाही का?" म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती भांडी घासत होती, डब्याकडे पाठ करून. बावीस वर्षांत पहिल्यांदा पाठ करून. आणि मागे वाजलं.

ठक.

ती थांबली. नळ बंद केला.

ठक. ठक.

घड्याळाकडे बघायची गरज नव्हती. ती सावकाश वळली. पोतं एका बाजूला घसरलं होतं आणि डब्याचं झाकण आपोआप जरा वर होऊन खाली बसत होतं. आंबलेल्याला हवा सुटते, झाकण उचललं जातं, यात नवल नाही. शाळेतलं पोरही सांगेल. पण तीनदाच वाजलं. चौथ्यांदा वाजायची तिने वाट पाहिली. नाही वाजलं.

"आतलं उठलं," ती म्हणाली. आवाज तिचाच होता, असं तिला वाटलं.

झाकण काढलं. वर बारीक बुडबुडे, तोच स्वच्छ आंबट वास. स्वेटर अंगात चढवून तिने हात कोपरापर्यंत आत सोडला. तळाशी ऊब होती. पाण्याची नव्हे, अंगाची असते तसली ऊब. मनगटाभोवती काहीतरी अलगद आवळलं, म्हातारी पाणी पिताना धरायची तसं. ती घाबरली. खूप घाबरली. पण हात काढून घेतला नाही.

डबा तिने एकटीने उचलून शेडमध्ये नेला. कुंडात आंबोण ओतलं मात्र, सातही पिल्लांनी भिंत सोडली. बटण तर चारी पाय कुंडात घालूनच खाऊ लागलं. काय तो मचमच आवाज! इतक्या दिवसांची ती भयाण शांतता एकदाची फुटली. ती वाकून बघत राहिली, हसत राहिली. कप्प्यातून मोठीनेही हुंकार दिला. ऊन कधी उतरलं ते तिला कळलं नाही.

नवरा कामावरून आला. घरात कुणी नाही, ओट्यावर भांडी तशीच, आणि घरभर तो वास. तो वासामागे चालत आला, अंगण ओलांडलं, आणि दोन महिन्यांनी पहिल्यांदा शेडच्या दारात उभा राहिला. समोर तपकिरी स्वेटर, कुंडावर वाकलेली पाठ. तो हळूच आत आला आणि डब्यात डोकावला. तळाशी ओंजळभर राखून ठेवलेलं होतं. लहानपणी बोट बुडवून चाखायचा, तसा त्याने हात पुढे केला. लेथवरच्या ऑइलने काळा झालेला हात.

"ए, हात घालू नकोस!" ती गरजली, रस्त्यावर ऐकू जाईल अशी. "हाताला ऑइल आहे तुझ्या. मरेल ते."

बावीस वर्षांत तिने नवऱ्याला 'अहो'शिवाय हाक मारली नव्हती.

त्याने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. "हो, आई," म्हणाला, आणि हात धुवायला वळलासुद्धा.

दोन पावलं गेल्यावर तो थांबला. तीही सरळ झाली. दोघं एकमेकांकडे बघत राहिली. आई गेली त्या दिवशीही तो रडला नव्हता, आता दाराच्या चौकटीला धरून रडला. तिने त्याला रडू दिलं. मग स्वेटर काढून खालच्या खिळ्याला वाळत टाकला, आणि उजवी बाही कोपरात वाकवून ठेवली.